फुलं जिकडे बघत होती

१

सकाळी उठलो की चहाच्या आधी मी राख चाळतो. चुलीतली गार राख पिठाच्या जुन्या चाळणीतून काढायची आणि आंब्याखालच्या वाफ्याभोवती कडं करून पसरायची. गोगलगायींना आमरीच्या कोवळ्या कळीसारखं दुसरं पक्वान्न नाही, एका रात्रीत दांडा साफ करतात. पावसानं राख धुतली जाते म्हणून रोज नवी.

आमरी, म्हणजे ऑर्किड, म्हटलं की लोकांना झाडाच्या फांदीला चिकटलेली आठवते. माझी जमिनीतली. तिला आल्यासारखा गाठीगाठीचा गड्डा असतो. उन्हाळाभर तो मेल्यासारखा मातीत पडून राहतो आणि पावसाळ्यात हळदीसारखी, घडी घातलेली पानं वर काढतो. तीन वर्षांपूर्वी बपेऱ्याकडचा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, तेव्हा खणलेल्या ढिगाऱ्यात हे गड्डे उघडे पडलेले मला दिसले. वनरक्षक सोमाजी ओळखीचा. त्याला विचारून सतरा गड्डे पोत्यात घातले आणि त्यांच्याखालची पाटीभर माती पण घेतली. मातीचं शहाणपण सोमाजीचं. "भाऊ, माती नसन तं हे बाई मरते," म्हणाला. तरी दोन मेलेच, कारण मी लाडानं शेणखत घातलं होतं. मग खत बंद. बांबूच्या बेटाखालचा कुजका पाला, जाड रेती, आंब्याची दाट सावली आणि धीर.

मी भैय्यालाल. मोजणी खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, निवृत्त झालो आणि आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, चार खोल्या बांधल्या. घरात मी आणि बायको शकुन. मुलगी रिता लग्न होऊन गोंदियाला. दोन वर्षं वाफ्यात नुसती पानं येत होती. यंदा आषाढात एके सकाळी राख पसरताना पाहिलं, तर पानांच्या बाजूनं एक दांडा वर आला होता. संध्याकाळपर्यंत आणखी चार दिसले. आठवड्यात अकरा.

या जातीचा दांडा वीतभर सरळ वाढतो आणि टोकाशी छत्रीच्या मुठीसारखा खाली वळतो. त्या वळणावर गुलाबीसर पांढऱ्या फुलांचा झुपका लोंबतो. सगळी फुलं मान खाली घालून असतात. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

२

आनंद सांगायला घरात माणूस होतं, आणि नव्हतंही.

शकुन म्हणजे गावातल्या लग्नांत हळदीची गाणी म्हणणारी, हसली की रस्त्यावर ऐकू जाणारी बाई. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, पण त्यानंतर ती गप्प झाली. तुमसरला दाखवलं, भंडाऱ्याला दाखवलं, रितानं नागपूरला नेलं. सगळे कागद चांगले. शकुन मात्र बाजेवर, अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अर्धी बाज रिकामी. विचारलं तर "काई नाई" एवढंच. ताटातली अर्धी भाकर उरायची. टिकली लावायचीही ती विसरायची.

त्या सकाळी मी वाफ्याजवळ उकिडवा बसलो होतो. मागे पावलं वाजली. शकुन उभी होती, अनवाणी, पदर सावरत. दोन वर्षांत ती आपणहून अंगणात आली नव्हती. तिनं फुलांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि एकदम हसली. तेच हसू, थोडं गंजलेलं.

"अवो, ह्या तं सुना दिसून रायल्या! पाहा कशा माना खाली घालून उभ्या आहेत."

मी थट्टा केली. "मग ह्यायची सासू कुठं बसली?"

शकुननं फुलांवरची नजर काढली आणि घराकडे वळवली.

"आत," ती म्हणाली, आणि आंघोळीला निघून गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. फुलं मान खाली घालून होती, पण नुसती खाली नव्हती. अकराच्या अकरा दांड्यांची वळणं घराकडे होती.

३

रोप उजेडाकडे वळतं, हे चौथीतल्या पोराला माहीत असतं. वाफा घराच्या पूर्वेला आहे. उजेड पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतो. पश्चिमेला घराची भिंत, म्हणजे सगळ्यात अंधारी बाजू. मी स्वतःला समजावलं की चुन्याच्या भिंतीवरून उजेड परत येत असेल. मग वारा आठवला, जमिनीचा उतार आठवला.

पण एक गोष्ट खटकली. सगळी फुलं एकाच दिशेनं वळली असती तर एक वेळ चाललं असतं. वाफ्याच्या डाव्या टोकाची फुलं थोडी उजवीकडे झुकली होती, उजव्या टोकाची थोडी डावीकडे, आणि मधली सरळ. गावात बहुरूपी आला की लोक गोल करून बघतात, तशी.

मोजणी खात्यातला माणूस हे पाहून नुसता बसू शकत नाही. दुपारी शकुन झोपल्यावर मी पेटीतून दोरी आणि खुंट्या काढल्या. प्रत्येक दांड्याच्या बुंध्याशी एक खुंटी ठोकली, वळणाच्या रेषेत दोरी ताणली आणि भिंतीवर खडूनं खूण केली. मग चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढून अकरा रेषा भिंतीच्या आत वाढवल्या.

अकरा रेषा एका ठिकाणी मिळाल्या. जवळपास मिळाल्या असं नाही, पेन्सिलीच्या टोकाएवढ्या जागेत मिळाल्या. एकतीस वर्षांत एकाही शेताच्या कोपऱ्यावर मला इतकी चोख भेट मिळाली नव्हती.

ती जागा मागच्या खोलीत होती. शकुनच्या बाजेच्या उशाशी, तिच्या पाठीकडच्या बाजूला, बाज आणि भिंत यांच्यामध्ये. तिथे काही नव्हतं, एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच मोकळी जागा. मला आठवलं, मागच्या वर्षी औषधं ठेवायला मी तिथे एक स्टूल ठेवलं होतं. दोन वेळा ठेवलं आणि दोन्ही वेळा शकुननं ते काही न बोलता उचलून बाहेर आणलं.

कागद घेऊन मी त्या खोलीच्या दारात उभा राहिलो. शकुन झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. खोलीत पंख्याचा आवाज होता. पंखा मध्येच, क्षणभर, कोणीतरी वाऱ्याच्या आड आल्यासारखा वेगळा वाजे आणि पुन्हा नीट चालू लागे.

बेअरिंग गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दार न लावता परत आलो.

४

दुसऱ्या दिवशी शकुन आंघोळीला गेली असताना मी बाज उचलून समोरच्या भिंतीला लावली. "इथं हवा चांगली लागन," तिला म्हणालो. ती बाजेकडे पाहून थांबली, मग तशीच कडेला बसली.

पुढच्या सकाळी राख पसरायच्या आधी दोरी ताणली. रेषा पुन्हा एका ठिकाणी मिळाल्या. या वेळी नव्या जागी, बाजेच्या नव्या उशाशी.

माझ्या डोक्यात जे काही शहाणपण होतं ते त्या वेळी पायातून मातीत उतरलं. रोप रात्रीतून एवढं वळत नाही. मी कागद घडी करून खिशात घातला, आत जाऊन फावडं आणलं आणि पहिल्या रोपाच्या मुळाशी टेकवलं. तीन वर्षांची मेहनत होती, पण शकुनच्या उशाशी काय उभं आहे ते मला रोज सकाळी कळावं, हे सहन होणार नव्हतं.

"हात लावू नका!"

एवढा मोठा आवाज त्या घरात दोन वर्षांत झाला नव्हता. शकुन ओल्या केसांनी धावत आली आणि तिनं माझ्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं. तिचे गाल लाल झाले होते.

"काहून मारून रायले त्यायले? का केलं त्यायनं तुमचं?"

"शकुन," मी म्हणालो, "हे फुलं कोणाकडं पाहून रायले, तुले माहीत आहे का?"

फावड्याच्या दांड्यावर तिची बोटं घट्ट होती.

"पाहू द्या," ती शेवटी हळूच म्हणाली. "कोणीतरी पाह्यलं पायजे."

मग तिनं फावडं आत नेऊन ठेवलं, आणि जाताजाता म्हणाली, "चहा टाका. आज मी बी घेतो."

ती चहा घेणार होती. मी भीती बाजूला ठेवली आणि आधण ठेवलं.

५

त्यानंतरचे दिवस मी कोणाला सांगितले तर लोक म्हणतील, म्हातारा वेडा झाला. असेल. पण त्या दिवसांइतका मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही हसलो नव्हतो.

रोज सकाळी मी दोरी ताणायचो आणि रोज रेषा थोड्या पुढे मिळायच्या. पहिल्या दिवशी बाजेच्या पायथ्याशी. त्या दिवशी शकुननं अख्खी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर. त्या दिवशी ती मोबाईलवर रिताशी तासभर बोलली आणि जावयाची नक्कल करून तिला हसवलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथून जाताना मी अंग चोरून, भिंतीला पाठ लावून गेलो. शकुननं ते पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसली. "आवरा," म्हणाली, "कोणी खात नाई तुमाले."

चौथ्या दिवशी पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, झोपाळ्यावर. झोपाळा हलत नव्हता. पण बाहेर वारा सुटला होता, वाळत घातलेले कपडे फडफडत होते, आणि झोपाळा मात्र वजन ठेवल्यासारखा स्थिर होता. मी त्याच्याकडे दुपारपर्यंत पाहिलं. शकुन वाफ्यात बसून गोगलगायी वेचत होती आणि गाणं म्हणत होती. सुनांना एकेक नाव दिलं होतं तिनं. जी सगळ्यात जास्त वाकलेली होती तिला ती म्हणायची, "ही तं पक्की आतल्या गाठीची."

शेजारच्या पार्वताबाई गाणं ऐकून कुंपणापाशी आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊ, कोणत्या डॉक्टरचं औषध लागलं?" त्यांनी विचारलं. मी फुलांकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं मी देवाबिवाचं सांगतोय, त्यांनी हात जोडले.

पाचव्या दिवशी अंगणाच्या मध्यावर. सहाव्या दिवशी फाटकाशी.

६

फाटकाशी रेषा थांबल्या.

सातव्या दिवशी तिथेच, आठव्या दिवशीही तिथेच. फाटकाच्या आत, उजव्या खांबाला लागून. मी दूध आणायला मागच्या बाजूनं, कुंपणाच्या फटीतून जाऊ लागलो. दूधवाल्यानं विचारलं, फाटक मोडलं का? हो म्हणालो.

आणि शकुनचं गाणं थांबलं. ती पुन्हा गप्प झाली, पण आधीसारखी नाही. आता ती सपरीत बसून फाटकाकडे बघायची, आगगाडीची वाट पाहणारी बाई बघते तशी. नवव्या दिवशी सकाळी ती जेवली नाही. कपाटातून तिनं रिताच्या लग्नातली जांभळी साडी काढली, नेसली, केस विंचरले आणि कोपऱ्यातल्या चपला शोधू लागली.

मी तिच्या वाटेत उभा राहिलो.

"कुठं जाऊन रायली?"

"फाटकापर्यंत."

"शकुन, तू तिच्यासंगं जाशील तं मी का करू?" हे शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा मलाच कळलं, की मी 'ती' म्हणालो. आम्ही दोघांनी पहिल्यांदाच तिचा उल्लेख केला होता.

शकुननं माझा हात धरला, तिचा हात ऊबदार होता.

"बावळट आहा तुमी," ती म्हणाली. "मी कायले जाईन? मी तिले धाडून रायली. दोन वर्सं राह्यली ती आपल्या घरी. फाटकाशी उभी आहे बिचारी तीन दिवस. पाहुणीले रिकाम्या हातानं कसं धाडाचं? कोणी निरोप देल्याबिगर ती कशी निघन?"

तिनं ताट घेतलं. त्यात नारळ, मूठभर तांदूळ, एक कोरा खण आणि हळदीकुंकवाच्या दोन कोयऱ्या ठेवल्या. चपला तिनं घातल्याच नाहीत.

७

दुपारचे बारा वाजले असतील. पाऊस सरळ पडत होता, वारा नव्हता. मी छत्री घेऊन मागे निघालो, पण तुळशीपाशी शकुननं मला थांबवलं.

"तुमी इथंच राहा. बाईमानसाचं काम आहे."

ती पदर डोक्यावर घेऊन पुढे गेली आणि फाटकाची कडी काढली. मी तिला पाठमोरी पाहत होतो. ती थोडा वेळ उभी राहिली, काहीतरी बोलली, पावसात मला ऐकू आलं नाही. मग तिनं उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि वर उचललं. खूप वर उचललं, टाचा उंचावून.

तेव्हा मला ते दिसलं. दिसलं म्हणजे काय ते मी अजून नीट ठरवलेलं नाही. गल्लीत, समोरच्या कौलांवर, शकुनच्या डोक्यावर, सगळीकडे पाऊस पडत होता. फक्त तिच्या समोर एका जागी नव्हता. ती जागा माणसाएवढी रुंद होती आणि फाटकाच्या खांबांपेक्षा उंच. पावसाच्या रेघा तिच्या कडेकडेनं खाली येत होत्या.

शकुनचा हात पोहोचत नव्हता. मग ती कोरडी जागा वाकली. वरून, हळूहळू, माझ्या वाफ्यातल्या दांड्यासारखी, शकुनच्या तोंडापर्यंत खाली आली.

मी छत्रीच्या मुठीकडे पाहू लागलो. ती निळ्या प्लॅस्टिकची होती, तिच्यावर एक ओरखडा होता. तो ओरखडा मी अजून डोळे मिटून काढून दाखवू शकतो.

कडी वाजली. वर पाहिलं तर पाऊस सगळीकडे सारखा पडत होता. शकुन फाटक लावून परत येत होती, भिजून चिंब. ताटात नारळ नव्हता, खण नव्हता. तिच्या चेहऱ्यावर मात्र असं काही होतं, की मी छत्री टाकून तिच्याकडे धावलो.

जवळ गेल्यावर तिचं कपाळ पाहिलं. सकाळी ते रिकामं होतं. बायका एकमेकींना कुंकू लावतात, एकीनं लावलं की दुसरी लावते. शकुनच्या कपाळावर कुंकू होतं. गोल नव्हतं. केसांच्या मुळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, एकाच बोटानं ओढलेला, माझ्या तीन बोटांएवढा रुंद पट्टा. पाऊस त्यावरून वाहत होता आणि तो पुसला जात नव्हता.

"भूक लागली जी," शकुन म्हणाली. "आयते करू का?"

८

तिनं तव्यावर तांदळाचे आयते, म्हणजे पातळ घावन, घातले, एकामागून एक, आणि मी पाटावर बसून खात होतो. कुंकू तिनं नंतर तेल लावून पुसलं. मी धीर करून विचारलं.

"आली कवा?"

"ताप होता ना, त्या दिवशी. तुमी अड्याळले गेले होते, रिटायर झाल्यावर बी त्या दोघा भावायचं शेत मोजून द्याले. मी एकटीच पडून होतो. दारातून कोणी म्हणलं, 'येऊ का?' मले वाटलं पार्वताबाई आहे. डोळे न उघडता म्हणलं, 'ये.'" तिनं आयता उलटला. "बस्. आली."

"कशी आहे दिसाले?"

"मी नाई पाह्यलं. दोन वर्सं तिच्याकडं पाठ करूनच झोपली मी. तुमाले तं दिसतच नव्हती. घरात कोणी कोणाकडे पाहात नाई म्हणल्यावर पाहुणी बी का करन? बसून राह्यली." तिनं खिडकीतून वाफ्याकडे पाहिलं. "ह्या सुनांनी पाह्यलं तिच्याकडं. मंग तिले लाज वाटली असन."

आणि ती हसली. इतकी हसली की आयता जळला. मी पण हसलो, का ते मला माहीत नाही. हसता हसता वाफ्याकडे पाहिलं. अकरा दांडे अकरा दिशांना वळले होते, बाजार उठल्यावर माणसं पांगतात तसे. मी दोरी ताणली नाही. तेव्हापासून ती पेटीतच आहे.

"परत येईल का?" एवढं एक विचारायचं राहिलं होतं.

शकुननं विचार केला. "बोलावलं तं ती येईन," ती म्हणाली. "आपुन बोलवाचं नाई, बस्."

आमच्या घरात आता हा एकच नियम आहे. चेहरा पाहिल्याशिवाय कोणाला 'ये' म्हणायचं नाही. रिता हसते, जावई हसतो, कुरिअरवाला वैतागतो. कालचीच गोष्ट. दुपारी धो धो पाऊस, शकुन आत पापड लाटत गाणं म्हणत होती. फाटकाशी आवाज आला, "शकुन, येऊ का वो?"

गाणं थांबलं. लाटणंही थांबलं. शकुन उठली आणि खिडकीशी गेली.

"तोंड दाखवा आधी!"

"अवो बाई, भिजून रायली ना मी! म्हन ना 'ये'!"

"तोंड दाखवा म्हणलं ना!"

छत्री मागे झाली आणि पार्वताबाईंचा भिजलेला, चिडलेला चेहरा वर आला. शकुन खो खो हसत सुटली. "या बाई, या, या!"

पार्वताबाई शिव्या देत, हसत आत आल्या. मी त्यांना बसायला पाट दिला. देताना, आपलं उगाच, त्यांच्या छत्रीवरून जमिनीवर पाणी टपकतंय ना, तेवढं बघून घेतलं.